दोष आढळला नाही

टेस्टर पाचव्यांदा त्या घराची पायरी चढला, तेव्हा दारातच एक तपकिरी बॅग उभी होती. पट्टे करकचून आवळलेले, तोंड रस्त्याकडे. मागच्या चार खेपांना ती तिथे नव्हती.

“कोणी गावाला निघालंय वाटतं?” पाय पुसता पुसता त्याने विचारलं.

“ते तुम्ही ठरवायचं,” दार उघडणारी सून म्हणाली. “आज बॉयलरमध्ये काही सापडलं तर बॅग परत वर. नाही सापडलं तर तसं लिहून द्या, म्हणजे आमच्या सासूबाई दुपारी चुलतसासऱ्यांकडे राहायला जातील. कायमच्या.”

“अकरा घड्याळं आहेत माझ्या दिराच्या घरी!” आतून, स्वयंपाकघरातून, खणखणीत आवाज आला. “अकरा! एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. दर पाच मिनिटांनी कुठेतरी बारा वाजतात. आणि मला द्यायच्या खोलीला औषधालासुद्धा खिडकी नाही!”

“बघा, ऐकू सगळं येतं,” सून टेस्टरला म्हणाली. “नको असेल तेव्हा तर जास्तच.”

टेस्टरने कोट काढला आणि लगेच परत घातला. बॉयलर नुकताच कुठे पेटला होता, घर अजून बर्फासारखं गार होतं. भिंतीकडेचे लोखंडी रेडिएटर मेलेल्या म्हशीसारखे थंडगार पडलेले. बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि या घरात बोलणारी तोंडं एवढी, की वाफेने आरसा धुरकटला होता.

टेस्टर हे काही त्याचं नाव नव्हे. खरं नाव त्याला हजेरीच्या कागदावर दिसलं की आठवायचं. पण लाल मुठीचा टेस्टर गेली एकतीस वर्षं त्याच्या उजव्या कानावर होता. झोपेतही असायचा. एकदा स्वप्नात त्याला विजेचा झटका बसला, तेव्हा कानावरच्या टेस्टरचा दिवा लागलेला त्याच्या बायकोने डोळ्यांनी पाहिला होता, आणि ती बाई खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

त्याची खासियत म्हणजे लपंडावाचे बिघाड. सरळ जळलेलं, तुटलेलं, फुटलेलं कोणीही शोधेल. पण घडीत आहे, घडीत नाही, मिस्त्रीचा पाय दारात पडला की साळसूद होतो आणि पाठ फिरली की परत सुरू, असला बिघाड आला की बाकीचे मिस्त्री टेस्टरचं नाव पुढे करत. एका मास्तरांच्या घरी बॉयलरचा पंप फक्त मास्तर शिंकले की बंद पडायचा. टेस्टरने मास्तरांना सहा दिवस तपकीर ओढायला लावून ती सैल तार पकडली होती. दुसऱ्या एका घरी उंदराने वायर कुरतडली, पण थंडी वाजायला लागल्यावर त्यालाच पश्चात्ताप झाला आणि तो दोन्ही टोकं दातांत धरून बसू लागला. उंदीर घरी असला की घर गरम, चरायला गेला की गार. तोही टेस्टरने शोधला. उंदराला हात लावला नाही, पण वायर बदलली.

प्रत्येक कामाअखेर मिस्त्रीने एक निळा कागद भरायचा असतो. त्यावर लोक सर्रास लिहितात, “दोष आढळला नाही”, आणि पिशवी उचलून चालू पडतात. टेस्टरने एकतीस वर्षांत ती तीन अक्षरं... छे, ते तीन शब्द एकदाही लिहिले नव्हते. हा त्याचा ताठा होता, आणि तो त्याच्या मानेत दिसायचा.

या घराने मात्र त्या मानेला चार वेळा रग आणली होती.

यंत्रणा साधी होती. खाली जिन्याखालच्या कपाटात बॉयलर. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी घरभर फिरवतो. वरच्या मजल्यावर बोळातल्या भिंतीला एक चौकोनी डबा, थर्मोस्टॅट. घर गार झालं की तो डबा एका वायरीतून खाली बॉयलरला कळवतो, पेट बाबा. घर तापलं की कळवतो, पुरे. आता हा बॉयलर गेल्या पानगळीपासून आठवड्यातून एकदोनदा अचानक, घर गार असतानाही, “पुरे” ऐकल्यासारखा विझायचा. तासा-दोन तासांनी, कधी अडीच तासांनी, आपला आपण पेटायचा. टेस्टरने पंप बघितला, सगळे स्क्रू आवळले, थर्मोस्टॅट नवा बसवला, बॉयलरचा मेंदू, म्हणजे आतली सर्किटची पाटी, काढून उन्हात धरून बघितली. काही नाही. तो असेपर्यंत बॉयलर आज्ञाधारकपणे जळायचा. तो कोपऱ्यावर वळला की विझायचा.

सुनेचं म्हणणं सरळ होतं. “यंत्रात बिघाड नाहीच. सासूबाई रागावल्या की वर जातात आणि डबा फिरवून बंद करतात. आम्हाला गारठवायला.”

“मी?” सासू म्हणायची. “मला काय वेड लागलंय, स्वतःच्या गुडघ्यांना थंडी लावून घ्यायला?”

“तुमचा राग गुडघ्यांपेक्षा मोठा आहे, आई.”

तिसऱ्या खेपेनंतर सुनेने थर्मोस्टॅटवर कुलपाचं झाकण बसवून घेतलं होतं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. तरी त्याच आठवड्यात बॉयलर दोनदा विझला.

“म्हणजे डबा आजींनी फिरवला नाही,” चौथ्या खेपेला टेस्टर म्हणाला होता.

“म्हणजे त्यांनी दुसरी किल्ली करून घेतली,” सून म्हणाली होती.

“आणि आजी कोणाला म्हणतोस रे?” सासू कडाडली होती. “तुझ्यामाझ्यात पाच हिवाळ्यांचं अंतर नसेल. तोंड बघ आरशात. खारवलेल्या माशासारखं झालंय.”

या सगळ्यात तिसरा एक माणूस होता. सासूचा मुलगा, सुनेचा नवरा. त्याला दोघी मिळून होयबा म्हणत, आणि दोघींचं एकमत असलेली ती एकच गोष्ट. आईने काही म्हटलं की “हो”, बायकोने उलटं म्हटलं की त्यालाही “हो”. टेस्टरने पहिल्याच खेपेला रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, घरात अलीकडे कोणी खिळा ठोकलाय, भोक पाडलंय, स्क्रू पिळलाय का? तेव्हा सून हसली होती. “यांनी? हातोडी कोणत्या बाजूने धरायची ते ठाऊक नाही यांना.” आणि होयबा म्हणाला होता, “हो.”

आज पाचवी खेप. टेस्टरने मुख्य बटण बंद केलं, बॉयलरचं झाकण उघडलं आणि थर्मोस्टॅटची वायर सोडवली. सुनेकडून किल्ली घेऊन तो वर गेला, डब्यातली तिची दुसरी टोकं एकमेकांना पिळून ठेवली, खाली येऊन मीटर लावला. मीटरने सूर धरला. टींऽऽऽ. वायर सलग असेपर्यंत हा सूर चालणार, कुठे तुटली की थांबणार.

“हे काय कोकलतंय?” सासू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मिस्त्री घरात असला की ती तिथून हलत नसे. नजर त्याच्या हातांवर.

“वायर धडधाकट असल्याचं सांगतंय.”

“मग तुझं काय काम? चार वेळा आलास, प्रत्येक वेळी आमचं एक झाकण ढिलं करून गेलास. कानात ते दाभण खोचलंस म्हणजे मिस्त्री होत नाही कोणी.”

टेस्टरने दातओठ खाल्ले. पहिल्या खेपेला त्याला या घरात चहा मिळाला होता, दुसऱ्या खेपेला गार चहा, तिसऱ्या खेपेला रिकामा कप. आता कपही दिसत नव्हता.

सून एक कॅलेंडर घेऊन आली. “आज मी पुरावाच ठेवलाय. बघा. प्रत्येक तारखेला, बॉयलर किती वाजता विझला, किती वाजता पेटला. आणि शेजारी कारण.”

कारणाच्या जागी सगळीकडे एकच होतं. ‘आई रागावल्या.’ मंगळवार, सकाळी दहा, आई रागावल्या. शुक्रवार, दुपारी चार, आई रागावल्या, जास्त.

“हात्तिच्या, एवढंच?” सासू उठली, कपाटातून एक वही काढली आणि टेस्टरच्या पुढ्यात आपटली. “पुरावा मलाही ठेवता येतो. ही मला काय काय बोलली, कोणत्या दिवशी, किती वाजता, सगळं आहे. वाच! मोठ्याने वाच!”

टेस्टरने वाचलं, पण मनात. मंगळवार, सकाळी पावणेदहा, ‘तुमच्या भाजीपेक्षा भांडं चवदार लागतं’ म्हणाली. शुक्रवार, पावणेचार, ‘तुम्ही चालता की फर्निचर सरकवता’ म्हणाली. अक्षर मोत्यासारखं, शिव्या मिरच्यांसारख्या. पण टेस्टरचं बोट दोन्ही कागदांवरून खाली सरकत गेलं आणि कानावरचा टेस्टर त्याने नकळत चाचपला. एकही तारीख चुकत नव्हती. आधी वहीत भांडण, दहापंधरा मिनिटांनी कॅलेंडरवर बॉयलर गार. तेवीसच्या तेवीस वेळा.

“बघितलंत?” सून म्हणाली.

बघितलं होतं. कोणत्याही न्यायाधीशाने तिथल्या तिथे निकाल दिला असता. पण टेस्टरला उंदीर आठवला.

“भांडण झाल्यावर तुम्ही काय करता, बाई?” त्याने सासूला विचारलं.

“काहीच करत नाही. तोच तर माझा राग! मी एक शब्द बोलत नाही, जेवत नाही, कोणाचं काही ऐकत नाही. बसते.”

“कुठे?”

“तुला काय करायचंय?”

“वर बोळात,” सून म्हणाली. “तिवई टाकून. थर्मोस्टॅटपासून चार पावलांवर. म्हणजे सगळ्यांना अडचण.”

“मग काय खोलीत दार लावून रुसू? रुसलेलं कळायला नको कोणाला?” सासू म्हणाली. “पूर्वी बरं होतं. बसलं की कळायचं घरभर. आता कोणी दखलच घेत नाही. मागे एकदा अडीच तास बसले, तर ही खाली गाणं गुणगुणत होती.”

“मला माहीतच नव्हतं तुम्ही वर आहात ते!”

“हेच! हेच म्हणते मी!”

टेस्टर उभा राहिला. “बाई, एक काम करा. वर चला आणि रुसल्यावर बसता तशा पाच मिनिटं बसून दाखवा.”

“राग आल्याशिवाय?” सासूने नाक मुरडलं. “उगाचच? मी काय दुकानाच्या काचेतली बाहुली आहे, तू म्हणशील तशी बसायला? राग आला की बसेन. आत्ता मला राग आलेला नाही. आत्ता मला तुमची सगळ्यांची कीव येतेय.”

“बघा, घाबरल्या,” सून म्हणाली.

“घाबरते माझी वहाण.”

टेस्टरने खूप विनवलं. विनवायची सवय नव्हती, त्यामुळे ते दमदाटीसारखंच झालं, आणि सासू खुर्चीत अधिकच रुतली. शेवटी तो एकटाच वर गेला. बोळाच्या मध्यावर, खिडकीखाली, ती तीन पायांची तिवई होती. लोखंडासारखं जड लाकूड. टेस्टर तिच्यावर बसला. खालून मीटरचा सूर येतच होता. तो हलला, डुलला, उठून परत धपकन बसला. टींऽऽऽ. भिंतीला टेकून बसला, टाचा आपटल्या. टींऽऽऽ.

जिन्याच्या तळाशी येऊन सासू त्याच्याकडे बघत होती.

“काय रे,” ती म्हणाली, “रुसलास का?”

सून फिस्सकन हसली. या घरात त्या दोघी एकाच गोष्टीवर हसल्याची ही बहुधा पहिलीच वेळ, आणि ती गोष्ट आपण आहोत हे टेस्टरच्या टाळक्यात गेलं. एकतीस वर्षांचा ताठा, चार वाया गेलेल्या खेपा, रिकामा कप, खारवलेला मासा, सगळं एकदम मानेत चढलं. तो ताडताड जिना उतरला, पिशवीतून निळा कागद काढला, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि पेनचं टोपण दातांनी उपटलं.

“बस झालं. तुमचं घर, तुमची भांडणं. यंत्रात काही नाही. लिहून देतो.”

सुनेने हात पुसले. पहिल्यांदाच तिने टेस्टरसाठी खुर्ची ओढली. “बसून लिहा ना.”

खोलीत सगळे गोळा झाले. होयबाही कुठूनसा उगवला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. सासू टेबलापाशी आली. तिला कागद उलटा दिसत होता, तरी ती वाचत होती.

“लिही,” ती म्हणाली. “थांबलास का? शुद्ध लिही म्हणजे झालं.”

‘दोष’, टेस्टरने लिहिलं.

“आई, मी काही दुष्ट नाही,” सून म्हणाली. “पण मला या घरात ऊब हवी. तुम्हाला ती देता येत नसेल तर निदान घेऊ तरी नका.”

“तुझ्या तोंडाजवळ बसलं की पुरेशी ऊब मिळते, सूनबाई. भाजून निघतं माणूस.”

‘आढळला’, टेस्टरने लिहिलं.

सासू मुलाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “बाळ, तू सांग. मी करते का हे? दिराकडे जाऊ मी?”

होयबाने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग चपलांकडे.

“हो,” तो म्हणाला.

“काय हो? करते म्हणून हो, की जाऊ म्हणून हो?”

एरवी त्याने याच्यावरही “हो” म्हटलं असतं. पण त्या दिवशी त्याला कुठून धीर आला कोण जाणे. “जा थोडे दिवस,” तो म्हणाला. “जरा शांतता मिळेल घराला.”

सुनेला एखादा टोमणा नाही, मिस्त्रीला एखादी शिवी नाही. सासूने पदर खोचला आणि ती वळली. जिन्यावर तिची पावलं एकेक करून वाजली, चौदा पायऱ्या. वर तिवई ओढल्याचा आवाज झाला, फरफर फरफर, लांबपर्यंत. मग धप्पकन बसकण.

टेस्टर पेन धरून होता. ‘ना’ लिहून झालं होतं, आता फक्त ‘ही’. आणि त्याला काहीतरी मोठ्याने ऐकू आलं.

काय ऐकू आलं ते कळायला त्याला एक क्षण लागला. शांतता ऐकू आली होती. वर चढताना, उतरताना, चिडताना, लिहिताना मीटर बंद करायचा राहून गेला होता. अर्धा तास तो सूर घरात घुमत होता आणि कोणाच्या कानालाही जाणवत नव्हता. आता तो थांबला होता.

“कोणी हलू नका!” टेस्टर एवढ्याने ओरडला की होयबाने श्वासही रोखला. “बाई! उठू नका! जागच्या हलू नका!”

“तू कोण मला सांगणारा!” वरून गर्जना आली, आणि सासू ताडकन उठली असावी, कारण मीटर लगेच किंचाळला, टींऽऽऽ.

“बसा! बसा परत!”

“नाही बसत जा!”

“अहो तुमच्या पाया पडतो, राग आलाय ना? मग बसा!”

वर क्षणभर विचार झाला. राग तर खराच आला होता. धप्प. मीटर गप्प.

टेस्टर एका वेळी तीन पायऱ्या चढून वर पोचला. एकतीस वर्षांत त्याने एवढी सुंदर गोष्ट बघितली नव्हती. सासूने तिवई खिडकीखालून ओढून अगदी टोकाच्या कोपऱ्यात नेली होती आणि भिंतीकडे तोंड, जगाकडे पाठ करून ती बसली होती. रुसायचं म्हणजे असं. आणि टेस्टर शहाणा, तिवई होती तिथेच बसून डुलत होता! तिवईचा मागचा पाय कोपऱ्यातल्या शेवटच्या फळीवर रुतला होता.

“सरका जरा.”

“हात लावशील तर बघ.”

“बाई, तुमची बॅग वर यायला हवी ना? मग सरका.”

ती सरकली, पण इंचभरच, आणि उपकार केल्यासारखी. टेस्टर गुडघ्यांवर बसून फळीवर नाक घासत गेला. बोळातल्या सगळ्या फळ्या जुन्या, सगळ्यांना चपटे खिळे. खिडकीखालून कोपऱ्यापर्यंत आलेल्या या एकीला मात्र टोकाशी गोल ठिपका. नखाने खरवडला तर मेण निघालं, मेणाखाली तपकिरी रंग, रंगाखाली चकचकीत नवा स्क्रू. कोणीतरी मन लावून लपवलेला.

त्याने तो पिळून काढला. निघता निघेना. निघाला तेव्हा करंगळीपेक्षा लांब भरला. फळी उचलली. खालच्या तुळईच्या खाचेतून थर्मोस्टॅटची वायर गेली होती, आणि स्क्रू तिच्या बरोबर मधून घुसला होता. आतली एक तार तुटून दोन्ही टोकं कशीबशी चिकटून होती. कोणी त्या कोपऱ्यात बसलं की फळी केसभर दबायची, टोकं सुटायची. बॉयलरला वाटायचं, वरून “पुरे” आलं. माणूस उठलं की टोकं परत चिकटायची.

“म्हणजे,” सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, “आईच बंद करत होत्या.”

“हो,” टेस्टर म्हणाला. “तेवीसच्या तेवीस वेळा. बुडाने.”

“आणि मला माहीत नव्हतं!” सासू म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण त्यात थोडी ऐटही होती. एवढं मोठं यंत्र आपल्या रुसण्याने विझतं, याचं तिला मुळीच वाईट वाटलेलं दिसलं नाही.

“पण हा स्क्रू कोणी मारला?” टेस्टरने तो वर धरला. “मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूच्या हातून सुईत दोरा जात नाही. सुनेने मारला असता तर सांगितलंही असतं आणि चारदा ऐकवलंही असतं. दोघींच्या माना एकदमच जिन्याकडे वळल्या. होयबा मधल्या पायरीवर थिजला होता. मेणासारखाच पांढरा.

“तुम्ही?” सून म्हणाली.

“बाळ?” सासू म्हणाली.

“हो,” होयबा म्हणाला.

मग ते बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांनी. ती फळी कुरकुरायची. आई रुसून बसली की कर्रर्र असा आवाज व्हायचा, खालपर्यंत जायचा. तो ऐकला की बायको म्हणायची, ‘बसल्या वाटतं,’ तेवढ्यावरून वरून उत्तर यायचं, आणि विझत आलेलं भांडण परत पेट घ्यायचं. पानगळीत एका सकाळी दोघी बाहेर गेल्या होत्या. त्याने शेजाऱ्याकडून पेचकस आणला, सापडला तो सर्वांत लांब स्क्रू घेतला आणि फळीचा आवाज बंद केला. कोणाला सांगितलं नाही. शांततेसाठी.

“शांततेसाठी!” सून म्हणाली.

“माझ्या रुसण्याचा आवाज दाबलास?” सासू म्हणाली. “अडीच अडीच तास मी इथे मुक्याने बसत होते, आणि मला वाटायचं हिला कशाचंच काही नाही!”

“आणि मला वाटायचं यांनी मुकाट्याने डाव धरलाय! चार महिने कुडकुडले मी!”

“चार महिने आळ सोसला मी!”

“आणि म्हणतात कसे, जा थोडे दिवस!”

“माझ्या तोंडावर म्हणाला!”

दोघी एकेक पायरी खाली उतरत होत्या आणि होयबा एकेक पायरी मागे. टेस्टरने मोठमोठे बिघाड पाहिले होते, फुटलेले बॉयलर पाहिले होते, पण एवढा दाब एकाच माणसावर आलेला पाहिला नव्हता. त्याला होयबाची दया आली का? मुळीच नाही. विचारलं होतं तेव्हा बोलला असता तर चार खेपा वाचल्या असत्या.

त्याने वायरीचा जखमी तुकडा कापला, नवा जोडून छोट्या डबीत बंद केला, तुळईपासून लांब सरकवला. फळी जागेवर ठेवली. तोवर खालून होयबाचा बारीक आवाज आला, “मिस्त्री, आता एखादा आखूड स्क्रू मारून टाका. नाहीतर परत आवाज...”

“मारून तर बघ!” जिन्याच्या तळातून दोन आवाज एकदम.

टेस्टरने फळी तशीच सैल सोडली. तो लांब स्क्रू मात्र त्याने खिशात टाकला.

वायरीची टोकं परत थर्मोस्टॅटला आणि खाली बॉयलरला जोडून त्याने मुख्य बटण लावलं. बॉयलर घसा खाकरून पेटला. टेबलावर निळा कागद तसाच पडला होता. ‘दोष आढळला ना’. टेस्टर त्याच्याकडे बघत राहिला. एका अक्षराने त्या म्हातारीला खिडकी नसलेल्या खोलीत टाकलं असतं, आणि ते लिहिणारा हात त्याचाच होता. यंत्रावरचा राग नव्हता तो, तिच्यावरचा होता. त्याने ‘ना’ खोडलं, इतका जोर देऊन की कागद फाटला. उरलेले दोन शब्द बरोबर होते. कारणाच्या जागी लिहिलं, ‘स्क्रू’. आणखी काही लिहायला जागा नव्हती.

“बाई,” तो सासूला म्हणाला, “मी जवळजवळ...”

“दिसत होतं मला. उलटं वाचता येतं.” तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “अक्षर भिकार आहे तुझं.”

सुनेने दाराशी जाऊन बॅग उचलली, होयबाच्या हातात दिली आणि वर बोट दाखवलं. “चौदा पायऱ्या. आणि वाटेत एक शब्द नको.”

तो “हो” म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

टेस्टर कोट घालून बाहेर पडत होता, तेवढ्यात वर तिवई ओढल्याचा आवाज झाला. फरफर फरफर. मग धप्प. आणि मग, चार महिन्यांनी, घरभर, खालच्या भांड्यांपर्यंत, कर्रर्रर्र.

सुनेने स्वयंपाकघरातून मान वर केली. “बसल्या का?”

“बसले!”

“आता कशाला? यांच्यावर का माझ्यावर?”

“दोघांवर!”

“किती वेळ?”

“माझी मर्जी!”

“बसा. चहा ठेवतेय, वर आणून देणार नाही.”

“मागितला कोणी!”

रेडिएटरमधून पाणी खळखळत चढू लागलं होतं. मेलेल्या म्हशी एकेक करून श्वास घ्यायला लागल्या. टेस्टर फाटकापर्यंत पोचला तेव्हा वरची खिडकी धाडकन उघडली आणि काहीतरी लाल त्याच्या पायाशी येऊन पडलं. त्याने कानाला हात लावला. कान रिकामा होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो टेस्टर कुठेतरी विसरला होता, फळीपाशी.

“हे घे तुझं दाभण,” सासू वरून म्हणाली. “आणि परत पाऊल टाकू नकोस इकडे.”

“बोलावलंत तरी नाही येणार,” टेस्टर म्हणाला.

त्याने टेस्टर फुंकून कानावर ठेवला. खिडकी बंद झाली नव्हती. म्हातारी अजून तिथेच होती आणि उघड्या खिडकीतून चार महिन्यांनी मिळालेली सगळी ऊब बाहेर जात होती. आत खालून सून ओरडत होती, “आई, खिडकी लावा!” आणि फळी कुरकुरत होती.